शाळेच्या गेटसमोरचा ट्रॅफिक: वैतागून झालं की पुढे काय करायचं

शाळेसमोरच्या ट्रॅफिकचा विषय निघाला की पालकांच्या ग्रुपवर तासाभरात ढीगभर मेसेज पडतात आणि त्यात सगळंच असतं, खड्डे, फेरीवाले, पोलीस कधी दिसत नाहीत, व्हॅनवाले कसेही चालवतात, शाळा लक्ष देत नाही, नगरसेवक फोन उचलत नाही, आणि मग कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकतो नि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी गेटसमोर परत तेच.

मी पुण्यात राहतो त्यामुळे उदाहरणं इथली येतील, पण पद्धत महाराष्ट्रात थोड्याफार फरकाने सगळीकडे हीच आहे. पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न शहराच्या ट्रॅफिकचा म्हणून मांडूच नका. तसा मांडला की समोरचे साहेबही आपल्यासारखीच मान हलवतात, हो हो, फारच वाढलंय हो सगळं, आणि चहा मागवतात. शाळेसमोरचा प्रश्न मापाने खूप छोटा असतो, दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं, आणि गेटच्या अलीकडे-पलीकडे शंभरेक मीटर. तेवढ्याच तुकड्याबद्दल बोलायचं. तेवढा तुकडा एका इंजिनिअरच्या आणि एका इन्स्पेक्टरच्या हातात असतो, अख्खं शहर कुणाच्याच हातात नसतं.

मापाने छोटा म्हणजे किरकोळ असं मात्र नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक.

आधी आठवडाभर नुसतं बघा

अर्ज, फोटो, ट्वीट सगळं नंतर. आधी शाळा भरताना आणि सुटताना वेगवेगळ्या दिवशी तिथे उभं राहायचं, दोघं-तिघं मिळून वाटून घेतलं तर कुणालाच जड जात नाही. पोराला घ्यायला गेलेले आपण आणि बघायला गेलेले आपण यात फार फरक असतो, घ्यायला गेल्यावर आपलं सगळं लक्ष आपलं पोरगं कुठून येतंय इकडेच.

काय बघायचं? मुलं नक्की कुठून रस्ता ओलांडतात, झेब्रा आहे तिथून की भेळवाल्यासमोरून. आजोबा-आजी कुठे उभे राहतात. स्कूल बस कुठे थांबते आणि तिचं दार कुठल्या बाजूला उघडतं. शाळेची दोन गेटं असतील तर दुसरं बंद का आहे (याचं उत्तर बऱ्याचदा "वॉचमन एकच आहे" एवढंच निघतं). फूटपाथ आहे का, असला तर त्यावर काय काय आहे, महावितरणचा फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी), फ्लेक्सचा खांब, बाइक, झाडाची कुंडी, अर्धवट उघडं चेंबर. चालायला मोकळी जागा किती उरते ते मोजपट्टीने मोजा. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी, तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक प्रमाणात किमान १.८ मीटर सलग मोकळी रुंदी सांगितली आहे आणि फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असंही आहे. आपल्याकडचे काही फूटपाथ एवढे उंच असतात की पहिलीतलं पोरगं दप्तर घेऊन चढेपर्यंत आई खालूनच त्याला ओढत पुढे नेते, म्हणजे फूटपाथ असून नसल्यासारखा.

स्पीड मोजायला गन लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा, एक विजेचा खांब आणि एक झाड असं काहीही चालेल, आणि फूटपाथवर उभं राहून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. ६ सेकंद लागले तर गाडी ताशी ३० ने गेली, साडेचारला ४०, आणि ३.६ सेकंदात गेली तर ५०. अशा पंचवीस-तीस गाड्या वहीत लिहिल्या की तुमच्याकडे "फार जोरात जातात हो" याच्या जागी एक कागद येतो. शाळा सुटताना गाड्या मुंगीच्या वेगाने असतात तेव्हा हे मोजून उपयोग नाही, शाळा भरायच्या अर्धा तास आधी मोजा, लवकर येणारी मुलं तेव्हाच ओलांडत असतात आणि रस्ता मोकळा असतो.

हे ३० आणि ५० चं एवढं का, तर ३० ला गाडी एका सेकंदात आठेक मीटर जाते आणि ५० ला चौदा, आणि पोरगं दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सहा मीटरचा फरक पडला, ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगळं. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जागतिक परिषद झाली, तिच्या जाहीरनाम्यात माणसं आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा ठेवा असं आलं ते याचसाठी. आपल्याकडे २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत शहराच्या हद्दीतली कमाल मर्यादा कारला ७० आणि बाइकला ६० आहे, त्यामुळे तुमच्या रस्त्यावर कमी मर्यादेचा बोर्डच नसेल तर शाळेसमोरून ५५ ने जाणारा तुमच्याशी वाद घालू शकतो, हे लक्षात ठेवा, बोर्ड मागायचं हे एक मोठं कारण आहे.

अजून एक म्हणजे व्हॅनवाल्या काकांशी बोला. रिक्षावाले काका, बसमधल्या मावशी, गेटवरचे वॉचमन, समोरचा झेरॉक्सवाला. कुठे रोज थोडक्यात वाचतं हे यांना तोंडपाठ असतं आणि त्यांना कधीच कुणी विचारलेलं नसतं. आपण पालक त्यांना शिव्या घालतो, पण ते तिथे वर्षानुवर्षं उभे आहेत नि आपण दहा मिनिटं.

वेळांची पण नोंद ठेवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, मुलांच्या झोपेसाठी ते चांगलंच आहे, पण दोन शिफ्टच्या शाळांत त्यामुळे झालं काय की लहानांची भरायची वेळ बरोबर ऑफिसच्या गर्दीत येऊ शकते, आणि दुपारी एक शिफ्ट सुटताना दुसरी भरते तेव्हा तर दोन्हीकडचे पालक एकाच गेटवर. कुठे कुठे नुसतं इयत्तेप्रमाणे दहा-दहा मिनिटांच्या फरकाने सोडलं तरी अर्धा प्रश्न जातो, आणि त्याला पालिकेचा एक रुपया लागत नाही.

रस्ता कुणाचा ते शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. तुम्ही अर्ज देता, महिन्याने उत्तर येतं "सदर रस्ता आमच्या हद्दीत नाही". शहरातला रस्ता असेल तर बहुतेक वेळा महापालिकेचा, पुण्यात त्याला पथ विभाग म्हणतात, आणि छोट्या गल्लीचं काम क्षेत्रीय कार्यालयाकडे. छोट्या गावात नगरपालिका म्हणजे मुख्याधिकारी. राज्य मार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा उपविभाग बघा, गावाकडचे काही रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडेही असतात, आणि नॅशनल हायवेचा असेल तर हायवे प्राधिकरण किंवा बांधकाम खात्याचाच राष्ट्रीय महामार्ग विभाग. खात्री नसेल तर क्षेत्रीय कार्यालयातल्या जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, जाऊन तोंडी विचारा, तो दोन मिनिटांत सांगतो. लेखी विचारलं तर त्याला पण फाइल करावी लागते.

रस्त्यावरची बाकीची वस्ती वेगवेगळ्या खात्यांची असते. टपऱ्या आणि हातगाड्या अतिक्रमण विभाग, दिवे विद्युत विभाग, चेंबर ड्रेनेजवाले, बोर्ड झाकणारी फांदी उद्यान विभाग, फीडर पिलर महावितरण. आणि पार्किंग, वन-वे, जड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी, स्पीड लिमिट हे सगळं वाहतूक पोलिसांचं. शहरात वाहतूक शाखेचे डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त, मोटार वाहन कायद्याखाली आदेश काढतात, आधी तात्पुरता, त्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवतात आणि मग कायम करतात. ही सूचना मागवायची वेळ असते ना, तेव्हा आपल्यासारख्यांनी चार पत्रं टाकायची असतात, कारण विरोधाची पत्रं दुकानदार न चुकता टाकतातच आणि बाजूने कुणीच लिहीत नाही.

पानटपरीचा एक वेगळा मुद्दा. गेटच्या अगदी कडेला टपरी असेल आणि तिथल्या गर्दीमुळे मुलं रस्त्यावर ढकलली जात असतील तर ट्रॅफिकचं कारण सांगत बसू नका, शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला तंबाखू नियंत्रण कायद्यानेच बंदी आहे, ते कारण लिहा. भेळवाले, चिंच-बोरंवाले यांचं मात्र मी वेगळं मानतो, त्यांना हटवण्याच्या मागे लागण्यापेक्षा गेटपासून तीस-चाळीस मीटर सरकायला सांगा, ते ऐकतात, आणि गर्दी आपोआप तिकडे सरकते.

गावाकडच्या शाळा हायवेला लागून असतात त्यांचं काम जरा वेगळं. तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं सगळे एका टेबलावर, अर्ज थेट तिच्या नावाने करा आणि सोबत ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, ठरावाला वजन असतं. उसाच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर शाळेच्या दारातून जातात, मागे रिफ्लेक्टर नाही, साउंड सिस्टिम मात्र जोरात. त्यासाठी गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्याला पण एक पत्र द्या, पोलिसांच्या प्रतीसह. शाळेच्या वेळेत त्या तुकड्यावरून गाड्या सोडू नका किंवा एक माणूस उभा करा, एवढीच मागणी.

मागायचं काय

इथे प्रत्येकाचं एकच उत्तर असतं, गतिरोधक टाका. मी गतिरोधकाच्या विरोधात नाही पण ती पहिली मागणी नसावी. रात्रीत ओतलेला डांबराचा ढीग म्हणजे गतिरोधक नव्हे. आयआरसीच्या जुन्या प्रमाणात साधा गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच होता, ताशी २५ ने आरामात पार होईल असा, त्यावर पट्टे, आधी बोर्ड. आपल्याकडे त्याच उंचीचा पण फूट-दीड फूट रुंदीचा टाकतात, मग बाइकवाले कडेच्या फटीतून म्हणजे बरोबर मुलं चालतात तिथून काढतात, आणि मागे बसलेल्या बाईची कंबर जाते ते वेगळंच. पट्टे नसलेला गतिरोधक अंधारात दिसत पण नाही. शिवाय त्याला वाहतूक पोलिसांचं ना-हरकत लागतं, म्हणजे फाइल दोन टेबलं फिरणार.

त्यापेक्षा टेबल टॉप क्रॉसिंग मागा, म्हणजे झेब्राच फूटपाथच्या उंचीला उचललेला, वर सपाट. गाडीचा वेग पण कमी होतो आणि मुलं खाली-वर न करता सरळ पलीकडे जातात, चाकाची खुर्ची पण जाते. खर्च जास्त आहे, म्हणून ते दुसऱ्या टप्प्यात.

पहिल्या टप्प्यात स्वस्त गोष्टी मागा ज्या जेई त्याच्या पातळीवर किंवा चालू टेंडरमधून करू शकतो. मुलं खरोखर ओलांडतात तिथे झेब्रा, थर्मोप्लास्टिक पेंटचा म्हणजे गरम करून बसवलेल्या जाड थराचा, साधा रंग एक पावसाळाही टिकत नाही. झेब्राच्या आधी थांबायची रेघ. दोन्ही बाजूंनी "पुढे शाळा आहे" चा त्रिकोणी बोर्ड आणि स्पीड लिमिटचा गोल बोर्ड. झेब्राच्या अलीकडे-पलीकडे काही मीटर पार्किंग बंद, हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी मागत नाही. तिसरीतलं पोरगं उभ्या एसयूव्हीच्या बॉनेटमागे पूर्ण झाकलं जातं, ड्रायव्हरला ते दिसतं तेव्हा ते रस्त्यात एक पाऊल पुढे आलेलं असतं. तिथे बोलार्ड म्हणजे बुटके खांब किंवा नुसते प्लास्टिकचे स्प्रिंग पोस्ट लावले तरी गाडी लागत नाही, बोर्ड लावला तर बोर्डाखालीच लागते.

रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो तोही मोजून लिहा. मोठ्या माणसाचा चालायचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे बारा मीटर रुंद रस्त्याला दहा सेकंद, लहान मुलाला त्याहून जास्त. रस्ता याच्याहून रुंद असेल तर मधे थांबायला जागा, म्हणजे दुभाजकातच छोटा कट्टा, हवाच. सिग्नल असेल तर पायी चालणाऱ्यांचा हिरवा किती सेकंद आहे ते लिहा. काही ठिकाणी तो इतका कमी असतो की शाळेतला धावण्याच्या शर्यतीतला पहिला नंबरच पलीकडे पोचेल.

आणि मोठा बदल मागायच्या आधी ट्रायल मागा. मुंबईत भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावर क्राइस्ट चर्च शाळेच्या परिसरात महापालिका आणि डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेने असंच केलं होतं, आधी कोन, बॅरिकेड आणि रंग वापरून चालायची जागा तात्पुरती आखली आणि लोक कसे वागतात ते बघितलं. तात्पुरत्या गोष्टीला अधिकारी लवकर हो म्हणतात, कारण नाही जमलं तर उचलून नेता येते. दुकानदार पण कमी भांडतात.

अर्ज कसा लिहायचा

एक पान. दोन नको. मी पाहिलेले बरेच अर्ज "वारंवार तोंडी कळवूनही" ने सुरू होतात आणि "तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" ने संपतात, मधे शाळेचं नाव पण नसतं. असा काहीतरी लिहा:

"प्रति, मा. कार्यकारी अभियंता, पथ विभाग. प्रत: मा. पोलीस निरीक्षक, वाहतूक विभाग. विषय: (शाळेचं नाव) मुख्य गेटसमोर झेब्रा, थांबरेषा व पार्किंग बंदीबाबत. महोदय, वरील शाळेत सकाळी व दुपारी मिळून सुमारे इतकी मुले येतात, त्यातील निम्म्याहून अधिक पायी येतात. दुपारी १२.१५ ते १२.४५ या वेळेत मुले गेटसमोरील बसथांब्याजवळून रस्ता ओलांडतात. सध्याचा झेब्रा तेथून साठ मीटर लांब असून पुसला गेला आहे. आम्ही अमुक तारखेला मोजलेल्या तीस वाहनांपैकी इतकी वाहने ताशी ४० पेक्षा जास्त वेगाने होती (नोंद जोडली आहे). विनंती: १) जोडलेल्या नकाशातील 'अ' ठिकाणी झेब्रा व थांबरेषा. २) 'ब' ते 'क' पार्किंग बंद. ३) दोन्ही बाजूंस शाळेचा बोर्ड. या आठवड्यात शाळा सुटण्याच्या वेळी आपण जागेवर पाहणीस यावे, आम्ही उपस्थित राहू."

नकाशा म्हणजे गुगल मॅपचा स्क्रीनशॉट आणि त्यावर पेनाने अ, ब, क. फोटो चार पुरेत, आणि त्यात मुलांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर झाका, नाहीतर अर्ज बाजूला राहतो आणि कुणाच्या तरी गाडीचा फोटो व्हायरल होऊन सोसायटीत भांडण सुरू होतं. सह्या शाळेच्या मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ (सरकारी शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती) आणि शेजारच्या एक-दोन सोसायट्या. शाळेच्या लेटरहेडवर असेल तर उत्तम.

अर्ज देताना आवक-जावकला द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. पोच नाही तर अर्ज नाही, असंच धरा. अॅपवर पण तक्रार टाका पण अॅपवर एक गंमत होते, "निराकरण झाले" असा मेसेज येतो आणि रस्ता तसाच असतो, मग ती तक्रार परत उघडायची, नव्याने टाकायची नाही. राज्याच्या "आपले सरकार" पोर्टलवर पण तक्रार जाते, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो तिथेही अर्ज देऊन बाजू मांडता येते, मात्र आधी खालच्या ऑफिसला दिलेल्या अर्जाची पोच मागतात, बघा, परत पोचच.

जागेवर पाहणी ही खरी पायरी आहे. साहेब सकाळी अकराला येतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा, अकराला तो रस्ता एखाद्या हिल स्टेशनसारखा शांत असतो. शाळा सुटतानाच या म्हणा. पोलीस आणि जेई एकाच वेळी आले तर सोनं, कारण एरवी जेई म्हणतो पोलिसांचं ना-हरकत आणा आणि पोलीस म्हणतात पालिकेने पट्टे मारल्याशिवाय आम्ही कारवाई कशी करणार.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत. "का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "अमुक आवक नंबरच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी" असं विचारा. बऱ्याचदा अर्ज पडल्यावर आठवड्याभरात फोन येतो. कोर्टाचा आधार द्यायचाच असेल तर मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क हा कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलंय, ते एका ओळीत टाका. पहिल्याच अर्जात मात्र नको, पहिल्या अर्जात कोर्ट दिसलं की फाइल लीगलकडे जाते आणि तिथे मुरते.

पैशांचं टायमिंग पण बघा. पालिकेचं बजेट फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं, त्यामुळे टेबल टॉपसारखं काम हवं असेल तर दिवाळीच्या आसपासच नगरसेवकाच्या आणि विभागाच्या यादीत ते गेलं पाहिजे. पुण्यात नागरिकांनी प्रभागातली छोटी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, त्याचा फॉर्म फार कमी लोक भरतात, त्यात तुमची पाच-पन्नास पालकांची सारखीच मागणी आली तर उठून दिसते. आणि रंगकाम जून उजाडायच्या आत. ओल्या रस्त्यावर पट्टे बसत नाहीत, शाळा पण नेमकी तेव्हाच उघडते.

आता आपल्या पालकांचं

हा भाग सगळ्यात अवघड, कारण इथे तक्रार करायला कुणी साहेब नाही. गेटसमोर डबल पार्किंग कुणाचं असतं? आपलंच. दोनच मिनिटं, इंडिकेटर लावलाय ना, पाऊस आहे, पोराला ताप होता. प्रत्येकाचं कारण खरं असतं आणि रस्ता तरीही बंद होतो. आठवीतल्या मुलाला चारशे मीटरवरून कारने सोडणारे पालक मी ओळखतो, कारण विचारलं तर म्हणतात रस्त्यावर गाड्या फार आहेत, चालत पाठवायची भीती वाटते!

उपदेश करून काही होत नाही, जागा देऊन होतं. गेटपासून दोन-अडीचशे मीटरवर एखादं मैदान, मंगल कार्यालयाचं आवार, मंदिराची मोकळी जागा बघा, त्यांच्याशी बोला, मंगल कार्यालय शाळेच्या वेळेत बहुतेक रिकामं असतं. कारने येणाऱ्यांनी तिथे सोडायचं आणि तिथून मुलं घोळक्याने चालत गेटपर्यंत, पुढे-मागे दोन पालक. रोज तेच पालक नको, पाळ्या लावा. पहिला महिना लोक येतात, मग कमी होतात, म्हणून सुरुवात पहिली-दुसरीच्या पालकांपासून करा, त्यांची सवय अजून पडायची असते. दहावीच्या पालकांच्या मागे लागू नका, ते वर्षभरात जाणारच आहेत.

शाळेला एक गोष्ट हक्काने विचारता येते. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यात पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचा माणूस पण असतो. म्हणजे ज्या लोकांना तुम्ही वेगवेगळ्या ऑफिसात शोधताय ते कागदावर तुमच्याच शाळेच्या समितीत बसलेले आहेत. अनेक शाळांत ही समिती वहीपुरती असते. मुख्याध्यापकांना गोड शब्दांत विचारा की पुढची मीटिंग कधी आहे आणि बस कुठे थांबवायची हा विषय घ्याल का. आरएसपीची म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोलची मुलं, ती पांढऱ्या पट्ट्याच्या गणवेशातली, फक्त पंधरा ऑगस्टला संचलनापुरती ठेवू नका, पण त्यांना भर रस्त्यात एकटं उभं करून गाड्या अडवायला पण लावू नका, गेटच्या आत आणि फूटपाथवर रांग लावणं एवढंच त्यांचं काम. रस्त्यात उभं राहायला वॉर्डन किंवा पोलीस, किंवा रिफ्लेक्टर जाकीट घातलेला प्रशिक्षण दिलेला मोठा माणूस.

नववी-दहावीची मुलं स्कूटर घेऊन येतात त्याचं काय? बऱ्याच शाळा गेटच्या आत गाडी घेत नाहीत, मग मुलं ती शेजारच्या गल्लीत लावतात आणि शाळा म्हणते आमच्याकडे कुणी आणत नाही. पालकसभेत एकदाच शांतपणे वाचून दाखवा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९ ए प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही. दंडाच्या आकड्याला सभा शांत असते, २५ वर्षांपर्यंत लायसन नाही म्हटल्यावर कुजबुज सुरू होते. हेल्मेट पण चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं, मागे बसलेल्या पोराला सुद्धा, पुढे बाबांना हेल्मेट आणि मागे पोरगं उघड्या डोक्याने हे रोजचं दृश्य आहे.

घरी मुलांना शिकवताना "नीट बघून जा" याचा काही उपयोग नसतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला लांबून येणाऱ्या गाडीचा वेग कळत नाही, तो त्याचा दोष नाही. त्याला ठरावीक जागा दाखवा, इथूनच ओलांडायचं, उभ्या गाड्यांच्या मधून नाही, बसच्या पुढून नाही, बस गेल्यावर. आणि त्याच्यासोबत त्याच्या गतीने चालत जाऊन दाखवा, हात धरून ओढत नेलं तर तो फक्त ओढत जायला शिकतो.

काम झालं की

पट्टे मारल्यावर आठवड्याने परत ती ५० मीटरची खूण गाठून गाड्या मोजा, त्याच वेळी, त्याच वहीत. फरक पडला असेल तर जेई आणि इन्स्पेक्टर दोघांना आभाराचं पत्र द्या, फोटोसह, त्यांना तक्रारीच फक्त येत असतात आणि पुढच्या कामाला हे पत्र फार उपयोगी पडतं. फरक नसेल तर तो कागद जोडून दुसऱ्या टप्प्याचा अर्ज.

आणि केबलवाले. तुमचा झेब्रा वाळतोय न वाळतोय तोच कुणीतरी इंटरनेटच्या लायनीसाठी तो आडवा खोदून जातो, वर काँक्रीटची पट्टी टाकतो आणि पट्टे गायब. खोदाईला परवानगी देताना पालिका रस्ता पूर्ववत करायचा खर्च घेते, त्यामुळे त्याच दिवशी फोटो काढा, परवानगीचा बोर्ड लावला असेल तर त्याचाही, आणि क्षेत्रीय कार्यालयात एका ओळीचं पत्र द्या की पूर्ववत करताना झेब्रा पण परत मारून घ्यावा. पोच घ्यायला विसरू नका.